व्हिएन्ना नगरीची काटकसर

ज्या घरांत चूल पेटते त्या घरांत काटकसरीचे दोन प्रकार पाहावयास मिळतात. एक गृहिणी "लांकूड कमी जाळा, दिवा लवकर मालवा," असें घरांतील प्रत्येकास दिवसभर बजावीत असते. दुसरी फारसें कांहीं बोलत नाहीं; परंतु तिनें चूलच अशी घालून घेतलेली असते कीं, पुढें भात शिजत असतां मागें निसटून जाणाऱ्या आंचेवर वैलावरचें पाणी आपोआप तापत राहावें. पहिल्या घरीं काटकसर म्हणजे रोजची कटकट होय, आणि चार पाहुणे आले कीं ती मोडते. दुसऱ्या घरीं ती चालू आहे हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

शहरांचेंही पुष्कळ अंशीं असेंच आहे. इंधन, वीज व पाणी जपून वापरा, असा उपदेश आज जगांतील प्रत्येक मोठ्या नगरांत ऐकूं येतो. दिवे मालविण्याचे फलक कचेऱ्यांच्या भिंतींवर लावलेले असतात. ह्या उपदेशास आमचा विरोध नाहीं. परंतु ज्या मजुराच्या खोलींत एकच दिवा आहे त्यास दिवे मालवा म्हणून सांगण्यांत काय स्वारस्य? काटकसर शहराच्या रचनेंतच घालावी व तिचा लाभ सर्वांत गरीब रहिवाशापर्यंत पोंचावा, असा प्रयत्न फार थोड्या नगरांनीं दीर्घकाळ केला आहे. त्यांपैकीं ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना ही एक होय. तिच्या ह्या प्रयत्नांत यश आहे तसेंच अपयशही आहे, आणि विद्यार्थ्यांनीं दोहोंचा अभ्यास करावा असें आम्हांस वाटतें.

हें शहर डॅन्यूब नदीच्या कांठीं, आल्प्स पर्वताच्या पूर्वेकडील पायथ्याशीं वसलेलें आहे. येथील हिंवाळा कडक असून घरांत उष्णता नसेल तर राहणें अशक्य होतें. १९१० सालीं व्हिएन्ना एका मोठ्या साम्राज्याची राजधानी होती व तिची लोकसंख्या वीस लक्षांहून अधिक होती. १९१८ मध्यें साम्राज्य मोडलें आणि एका लहानशा देशाच्या गळ्यांत ही भली मोठी राजधानी पडली. पुढें दुसरें महायुद्ध झालें. लोकवस्ती घटत घटत १९८० नंतरच्या दशकांत पंधरा लक्षांच्या आसपास आली व तेथून पुन्हां वाढत जाऊन २०२३ सालीं तिनें वीस लक्षांचा आंकडा परत गांठला.

प्रथम पाण्याची हकीकत घेऊं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील बहुसंख्य रहिवासी अंगणांतील आडाचें पाणी पीत. आड व शौचकूप जवळ जवळ असल्यामुळें पटकी व विषमज्वर ह्या रोगांचें शहरांत जणूं ठाणेंच पडलें होतें. एडुआर्ड झ्यूस नांवाचा भूगर्भशास्त्राचा अध्यापक त्या वेळीं तेथील विद्यापीठांत होता. त्यानें १८६२ सालीं शहराखालील जमिनीविषयीं एक ग्रंथ लिहिला आणि जमिनीच्या थरांतून घाण पाण्यांत कशी झिरपते हें लोकांपुढें मांडलें. नुसता ग्रंथ लिहून तो थांबला नाहीं. पुढल्याच वर्षीं तो नगरसभेवर निवडून आला व पाणीपुरवठ्याच्या कामाचा धुरीण झाला. (ह्याच झ्यूसनें पुढें दक्षिण गोलार्धांतील भूखंडें एके काळीं जोडलेलीं होतीं असें अनुमान करून त्या प्राचीन खंडास 'गोंडवनलँड' असें नांव दिलें. हें नांव आपल्या मध्य भारतांतील गोंडांच्या मुलखावरून आलेलें आहे. नागपूर-चंद्रपूरकडील वाचकांस ही ओळख खचित आवडेल.)

झ्यूसची सूचना धाडसाची होती. दारावरून वाहणारी डॅन्यूब सोडून त्यानें सुमारें शंभर किलोमीटरांवरील श्नेबर्ग व राक्स ह्या चुनखडकाच्या पर्वतांतील झरे शहरांत आणावे असें सुचविलें. काम पुरें होऊन २४ ऑक्टोबर १८७३ रोजीं पर्वतांतील पाणी व्हिएन्नाच्या एका चौकांत उंच कारंज्याच्या रूपानें उसळलें. ह्या योजनेचें मर्म असें कीं, तींत पाणी उचलणारा पंप नाहीं. उगम उंचावर आणि शहर सखल. दोहोंमध्यें बांधलेला पाट आरंभापासून शेवटपर्यंत मंद उतारानें गेलेला आहे. वाटेंत दरी लागली तेथें तो कमानींवरून नेला आणि डोंगर आडवा आला तेथें बोगदा खोदला. १९१० सालीं आणखी दूरच्या पर्वतांतून दुसरा पाट आणला. तो सुमारें १८० किलोमीटर लांब असून त्यांतून यावयास पाण्यास सुमारें ३६ तास लागतात. जेथें उतार प्रमाणाबाहेर तीव्र आहे तेथें पाण्याच्या वेगावर चक्रें बसवून वीज उत्पन्न केली जाते. अन्य शहरें पाणी आणण्यासाठीं वीज खर्च करितात. येथें पाणीच वाटेंत वीज देऊन पुढें जातें.

ही विद्या आपल्याकडे अगदींच अपरिचित होती असें मात्र नव्हे. पेशवाईंत कात्रजच्या तलावांतून पुण्याच्या हौदांत पाणी आलें तें उतारानेंच. आणि औरंगाबाद, म्हणजे हल्लींचें छत्रपती संभाजीनगर, येथील पाणचक्कींत दुरून नळांनीं आणलेल्या पाण्याच्या जोरावर जातें फिरून धान्य दळलें जात असे. व्हिएन्नाचें वैशिष्ट्य आहे तें पुढील जपणुकींत. झऱ्यांवरील हजारों हेक्टर अरण्य शहरानें आपल्या ताब्यांत ठेविलें असून तेथील झाड तोडावयाचें कीं राखावयाचें ह्याचा निर्णय लांकडाच्या भावावरून होत नाहीं, पाण्याच्या हितावरून होतो. २००१ सालीं तर ह्या पाणीपुरवठ्यास शहराच्या घटनात्मक कायद्याचें संरक्षण दिलें गेलें, जेणेंकरून अडचणीच्या प्रसंगीं कोणा कारभाऱ्यास तो विकून टाकण्याचा मोह होऊं नये.

झऱ्याचें निर्मळ पाणी शहरांत आलें खरें. परंतु मजुराच्या खोलींत तें आलें नाहीं, खोलीबाहेरच्या बोळांत येऊन थांबलें. कारखान्यांच्या वाढीबरोबर बोहेमिया, मोराव्हिया इत्यादि प्रांतांतून लोकांचे लोंढे शहरांत येत होते व त्यांच्यासाठीं खाजगी मालकांनीं चार चार, पांच पांच मजल्यांच्या चाळी उठविल्या होत्या. एक स्वयंपाकघर व एक खोली एवढेंच बिऱ्हाड, स्वयंपाकघरास उजेड व वारा बोळांतूनच मिळावयाचा, शौचकूप सामाईक, आणि बोळाच्या भिंतीस लोखंडी कुंडी बसविलेला एक नळ. ह्या नळकुंडीस तेथील लोक 'बासेना' म्हणत, आणि पाण्याच्या निमित्तानें तेथें जमणाऱ्या बायकांच्या गप्पांसाठींही त्या नांवावरून त्यांच्या भाषेंत एक स्वतंत्र शब्द रूढ झाला. गिरगांव-परळच्या चाळींत ज्यांचें बालपण गेलें त्या पालकांस ह्या चित्राचा अधिक खुलासा नको. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस झालेल्या पाहणींत मजूरवर्गाच्या दर शंभर बिऱ्हाडांपैकीं नव्वदांहून अधिक ठिकाणीं स्वतःचा नळ किंवा शौचकूप नसल्याचें आढळून आलें. भाडें परवडावें म्हणून हीं कुटुंबें आपल्या खोलींतील एखादा बिछाना परक्या मनुष्यास केवळ झोंपण्यापुरता भाड्यानें देत. क्षयरोगास त्या काळीं 'व्हिएन्नाचा रोग' असेंच नांव पडलें होतें.

१९१९ च्या मे महिन्यांत स्त्रियांसह सर्व प्रौढांच्या मतांनीं निवडलेली नगरसभा प्रथमच अधिकारावर आली. १९२२ च्या आरंभीं शहरास स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला आणि त्यामुळें स्वतःचे कर बसविण्याची सत्ता हातीं आली. खजिन्याची जबाबदारी ह्यूगो ब्राइटनर ह्या गृहस्थाकडे होती. हा मनुष्य पूर्वीं एका मोठ्या बँकेच्या संचालकपदावर होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण गरिबांच्या हिताच्या योजना भाबड्या मनुष्यांनींच आंखलेल्या असतात, असा एक गैरसमज समाजांत आढळतो. ब्राइटनरनें १९२३ पासून घरबांधणीसाठीं एक कर बसविला. तो सर्वांवर होता, परंतु चढत्या प्रमाणांत होता: लहान खोलीवर नाममात्र आणि बंगल्यावर जबर. शहरांतील सर्वांत महागड्या अर्ध्या टक्का जागांकडून ह्या कराचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग वसूल झाला. शर्यतीचे घोडे, मोटारी, घरांतील नोकरचाकर ह्यांवरही निराळे कर होते. ज्यांच्यावर ते पडले त्यांनीं अर्थातच मोठी ओरड केली.

ह्या पैशांतून बहुतांशीं कर्ज न काढतां १९२३ ते १९३४ ह्या काळांत साठ हजारांहून अधिक बिऱ्हाडें बांधली गेलीं. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वसाहत 'कार्ल मार्क्स होफ' ही कार्ल एन नांवाच्या स्थापत्यकारानें आंखली व १९३० सालीं तिचें उद्घाटन झालें. तिची लांबी एक किलोमीटराहून अधिक असून तींत १,३८२ बिऱ्हाडें होतीं. इतक्या लोकांस जागा देऊनही इमारतीखालीं जमिनीचा पांचवा हिस्सासुद्धां गेला नाहीं. बाकीची जागा बागा, अंगणें व मुलांचीं खेळण्याचीं मैदानें ह्यांसाठीं मोकळी राहिली. घरें लहान होतीं, त्यांत न्हाणीघरें नव्हतीं, उद्वाहकही नव्हते. परंतु प्रत्येक बिऱ्हाडांत स्वतःचा नळ, स्वतःचा शौचकूप व बाहेरचा उजेड होता. वसाहतींतच दोन मोठीं धुलाईघरें, स्नानगृहें, बालवाड्या, ग्रंथालय व दांतांचा दवाखाना होता. भाड्यांतून केवळ देखभालीचा खर्च निघावा एवढाच हेतु असल्यामुळें मजुराच्या वेतनाचा अगदीं अल्प अंश त्यांत जाई.

वर्षें तींच आणि गरजही तीच असतां मुंबईंत काय झालें हें पाहण्यासारखें आहे. तेथें सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें कापसाच्या दर गांठीमागें एक रुपया जकात बसवून वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें २०७ चाळी उभ्या केल्या. प्रत्येक कुटुंबास एक खोली, शौचकूप मजल्यावर सामाईक. ह्या खोल्यांनीं गिरणीकामगारांच्या तीन-चार पिढ्यांस आसरा दिला, हें ऋण मान्य केलेंच पाहिजे. तथापि वरळीच्या चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांस स्वतंत्र सोयी असलेलीं ५०० चौरस फुटांचीं घरें मिळावयास २०२५ चा ऑगस्ट महिना उजाडावा लागला. आराखडा काढणाऱ्यानें कागदावर एक भिंत कोठें ओढली ह्यावर शंभर वर्षांचें सुखदुःख अवलंबून राहतें.

आतां व्हिएन्नाच्या कारभाराची दुसरी बाजू. जें घर नगरसभा देते तें ती हिरावूनही घेऊं शकते. १९३८ सालीं नाझी सत्ता आल्याबरोबर शहराच्या मालकीच्या घरांतून सुमारें दोन हजार ज्यू भाडेकरूंना जागा सोडावयास लाविलें. ज्या अंगणांत सर्वांचीं मुलें एकत्र खेळत असत तेथूनच त्यांना बाहेर काढिलें. महायुद्धानंतर नगरसभा पुन्हां लोकांच्या हातीं आली व बांधकाम पुन्हां सुरू झालें. परंतु तुर्कस्तान व युगोस्लाव्हिया येथून मजुरीसाठीं बोलावून आणलेल्या लोकांस हीं घरें कित्येक दशकें मिळूं शकत नव्हतीं. शहराच्या इमारती बांधणारे हे लोक त्याच जुन्या, बोळांत नळ असलेल्या खाजगी चाळींत राहत. युरोपीय संघाच्या नियमामुळें २००६ पासून दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या परदेशीयांस हा दरवाजा उघडा झाला. आजही सामान्यतः शहरांत एकाच पत्त्यावर दोन वर्षें सलग वास्तव्य झाल्यावांचून अर्ज करतां येत नाहीं. सबब नुकत्याच आलेल्या व वारंवार जागा बदलाव्या लागणाऱ्या गरिबास, म्हणजे ज्यास घराची निकड सर्वांत अधिक त्यास, वाट पाहावी लागते. ह्या नियमाचें समर्थन करणारे लोक आहेत. आमच्या मतें तें समर्थन लंगडें आहे.

इतकें असूनही एक गोष्ट निर्विवाद आहे. सुमारें दोन लक्ष वीस हजार बिऱ्हाडें आज शहराच्या मालकीचीं असून, अनुदानानें बांधलेलीं इतर घरें धरल्यास निम्म्या रहिवाशांस ह्या व्यवस्थेचा आश्रय आहे. उत्पन्नाची मर्यादा बरीच वर ठेविल्यामुळें शिक्षक, कारकून, परिचारिका व मजूर एकाच जिन्यावर राहतात. 'गरिबांची वस्ती' म्हणून नाक मुरडावें अशी जागा त्यामुळें सहसा निर्माण होत नाहीं. आणि येथेंच इंधनाचा संबंध येतो. दाटीनें, परंतु उजेड राखून बांधलेल्या घरांच्या भिंती सामाईक असतात, त्यामुळें उष्णता बाहेर कमी जाते. हजार घरांत हजार बंब पेटविण्यापेक्षां एका धुलाईघरांतील एक बंब स्वस्त पडतो. शिवाय इतक्या घरांचा मालक एकच असल्यामुळें एखादी सुधारणा करावयाची झाल्यास ती एका निर्णयानें हजारों घरांत नेतां येते.

अशी सुधारणा १९७० च्या सुमारास आली. वीज उत्पन्न करणाऱ्या यंत्रघरांत कोळसा किंवा वायु जाळला म्हणजे त्यांतील उष्णतेच्या दर शंभर भागांपैकीं तीस ते पन्नास भागांचीच वीज होते. उरलेली उष्णता गरम पाण्याबरोबर नदींत किंवा वाफेबरोबर आकाशांत जाते. वैल नसलेल्या चुलीसारखाच हा प्रकार होय. व्हिएन्नानें हें गरम पाणी जाड आवरणाच्या नळांतून घरोघर फिरविण्यास आरंभ केला. यंत्रघरांतून निघालेलें पाणी इमारतीच्या तळघरांत येतें, तेथें आपली उष्णता घरच्या नळांतील पाण्यास देतें आणि निवून परत तापावयास जातें. आज अशा नळांचें जाळें बाराशें किलोमीटरांहून लांब असून चार लक्षांहून अधिक बिऱ्हाडें त्यावर ऊब घेतात. ज्या वृद्ध स्त्रीस पूर्वीं तळघरांतून कोळशाची बादली चार मजले वर वाहून न्यावी लागे तिला आतां फक्त एक चकती फिरवावी लागते.

ह्या नळांत केवळ वीजघरांचीच उष्णता येते असें नाहीं. शहरांतील जो कचरा निवडूनही उरतो तो जाळण्याच्या भट्ट्या आहेत. त्यांपैकीं श्पिटेलाऊ येथील भट्टी १९७१ सालीं मुख्यत्वें एका मोठ्या रुग्णालयास ऊब देण्यासाठीं बांधली होती. १९८७ सालीं तिला आग लागली. ती पुन्हां उभारतांना हुंडर्टवासर नांवाच्या चित्रकारास तिला नवें रूप देण्याची विनंति करण्यांत आली. हा कलावंत निसर्गाचा कैवारी असल्यामुळें प्रथम राजी नव्हता. धूर गाळण्याची उत्तम व्यवस्था होईल व कचरा कमी करण्याचे प्रयत्नही चालतील अशी खात्री पटल्यावरच तो तयार झाला. आज रंगीबेरंगी भिंती, झाडें लावलेलीं छपरें व धुराड्यावर सोनेरी गोल अशी ती इमारत प्रवासी मुद्दाम पाहावयास जातात. कचऱ्याची भट्टी शहराच्या मध्यभागीं, नदीच्या कालव्याकांठीं, उघड्यावर आहे, ही गोष्ट आम्हांस तिच्या रंगांहूनही महत्त्वाची वाटते. अशा वस्तु गरिबांच्या वस्तीमागें लपविण्याची रूढी बहुतेक शहरांत आहे. अर्थात् भट्टींतून हवेंत जाणारा कर्बवायु रंगानें झांकत नाहीं, हेंही खरें.

अगदीं अलीकडील उपाय सर्वांत नवलाचा आहे. झिमरिंग येथें सगळ्या शहराचें सांडपाणी शुद्ध होऊन नदींत सोडलें जातें. हें पाणी हिंवाळ्यांतही बर्फासारखें गार नसतें, कारण लाखों लोकांच्या स्नानाची व धुण्याची ऊब त्यांत शिल्लक असते. २०२३ च्या अखेरीस तेथें मोठे उष्णतापंप चालू झाले. आपल्या घरचें शीतकपाट आंतील उष्णता ओढून मागील जाळीवाटे बाहेर टाकतें. हे पंप तेंच काम प्रचंड प्रमाणावर करितात. सांडपाण्यांतील ऊब काढून घेऊन ते नळांतील पाण्यास देतात, व पहिल्या टप्प्यांतच पन्नास हजारांहून अधिक घरांस पुरेल एवढी उष्णता मिळूं लागली.

जुन्या खाजगी चाळींचें काय केलें, हेंही थोडक्यांत सांगितलें पाहिजे. त्या पाडून टाकाव्या व रहिवाशांस शहराबाहेर हलवावें, हा सोपा मार्ग होता. व्हिएन्नानें साधारणतः १९७४ नंतर 'सौम्य नवीकरण' नांवाचा मार्ग धरला: इमारत राखावयाची, बिऱ्हाडांत नळ व शौचकूप आणावयाचे, भिंतींस उष्णतारोधक लेप द्यावयाचा, आणि हें सर्व शक्य तों भाडेकरूस न उठवितां. मालकास नगराकडून पैसा मिळे, परंतु त्याच्या बदल्यांत ठराविक वर्षें भाड्यावर मर्यादा मान्य करावी लागे. ही अट नसती तर सुधारलेल्या घराचें भाडें वाढून, ज्याच्यासाठीं सुधारणा केली तोच बाहेर पडला असता. पॅट्रिक गेडीस हे नगररचनाकार १९१९ ते १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठांत अध्यापक होते. भारतांतील जुन्या गांवठाणांविषयीं त्यांचें प्रतिपादन पुष्कळसें असेंच होतें. त्यांचें म्हणणें आपल्याकडे किती ऐकलें गेलें हा निराळा विषय आहे.

रहदारीविषयीं थोडेंच. ट्रॅम, बस व १९७८ पासून भुयारी आगगाडी ह्या सर्वांवर चालणारें वर्षाचें तिकीट मे २०१२ मध्यें ४४९ युरोंवरून ३६५ युरोंवर आणलें, म्हणजे दिवसास एक युरो. कांहीं वर्षांतच अशीं तिकिटें घेणाऱ्यांची संख्या शहरांतील मोटारींच्या संख्येहून अधिक झाली. हा दर २०२५ च्या अखेरीपर्यंत टिकला. २०२६ पासून तो वाढविला गेला, कारण खजिन्यास तूट आली. गाडीभाडें स्वस्त ठेवावयाचें म्हणजे कोणी तरी अन्यत्र पैसा भरलाच पाहिजे, हा हिशेब येथेंही चुकला नाहीं.

परंतु कोण कसा फिरतो हें विचारल्याशिवाय वाहतूक सुधारत नाहीं, आणि तें विचारण्याचें श्रेय मोठ्या अंशीं एवा काइल ह्या नगररचनाकार बाईंकडे जातें. १९९० नंतर त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लोकांच्या रोजच्या फेऱ्यांचा अभ्यास केला. पुरुष बहुधा घरून कामास व कामावरून घरीं, अशी सरळ फेरी करीत. स्त्रिया मुलास शाळेंत पोंचवून, बाजार करून, आजारी आईस भेटून, मग कामास जात, व तेंही बहुधा पायीं आणि ट्रॅमनें. रस्ते मात्र पहिल्याच प्रकारच्या फेरीसाठीं आंखलेले. मग पदपथ रुंद करणें, बाबागाडीसाठीं उतरंड करणें, अंधाऱ्या बोळांत दिवे लावणें हीं कामें हातीं घेतलीं गेलीं. त्याच सुमारास असें दिसून आलें कीं नऊ-दहा वर्षांनंतर मुली सार्वजनिक उद्यानांत येईनाशा होतात. मुलींचा ओढा कमी झाला, असें म्हणून कोणीही मोकळा झाला असता. पाहणी करतां आढळलें कीं उद्यानांत मोठें मैदान एकच, आणि तें मुलगे अडवून बसत. तेव्हां त्या मोठ्या जागेचे लहान लहान भाग केले, बसण्याच्या जागा व निरनिराळ्या खेळांच्या सोयी केल्या, आणि मुली परत आल्या. आमच्या शाळेच्या क्रीडांगणावर दुपारच्या सुटींत काय चालतें, तें ह्या दृष्टीनें विद्यार्थिनींनींच पाहून ठरवावें.

ह्या नगरीस आज सर्वांत जड जाणारें काम पुढेंच आहे. उष्णतेचे नळ जेथें पोंचलेले नाहींत अशा लाखों बिऱ्हाडांत भिंतीवर टांगलेला गॅसचा बंब आहे. आणि नळांतून फिरणारी उष्णतासुद्धां दीर्घकाळ मोठ्या प्रमाणांत गॅस जाळूनच तयार होत आली. तो गॅस बहुतांशीं रशियाकडून येई. ऑस्ट्रियाच्या गरजेचा सुमारें ऐंशी टक्के भाग त्या एकाच देशावर अवलंबून होता. २०२२ सालीं युक्रेनवर स्वारी झाली आणि गॅसचे भाव भडकले. ज्यांचें घर जाड भिंतींचें व नळांच्या उष्णतेचें होतें त्यांस झळ लागली, पण ज्यांचें घर जुनें, फटींचें व गॅसच्या बंबाचें होतें त्यांचें कंबरडेंच मोडावयाची वेळ आली. पुष्कळ अंशीं हे दुसरे लोक तेच होते, ज्यांना शहराच्या घरांत शिरकाव मिळालेला नव्हता.

२०४० पर्यंत घरें तापविण्यासाठीं गॅस जाळणें बंद करावयाचें असें नगरसभेनें ठरविलें आहे. शहराच्या स्वतःच्या मालकीच्या इमारतींत काम करणें त्यांतल्या त्यांत सोपें. तेथें जिन्यालगत नवे नळ उभे करून एकामागून एक बिऱ्हाड जोडतां येतें, आणि गॅसचा नळ काढला म्हणजे स्वयंपाकाच्या शेगड्याही विजेच्या द्याव्या लागतात, त्याही देतां येतात. खाजगी इमारतींत मात्र मालक म्हणतो, भाडेकरूस ऊब हवी, त्यानें खर्च करावा. भाडेकरू म्हणतो, घर तुमचें, किंमत तुमची वाढणार, तुम्ही करा. आणि वीस बिऱ्हाडांच्या जिन्यावर एकानें जरी आपला बंब काढूं दिला नाहीं, तरी बाकीच्या एकोणिसांचें काम अडतें. अनुदान आहे, समजूत घालणारे अधिकारी आहेत, नवीन इमारतींत गॅसच्या बंबास २०२४ पासून देशाच्या कायद्यानें बंदी झाली आहे; परंतु जुन्या इमारतींपुरता हा तंटा एकेका जिन्यावर, एकेका बैठकींत सोडवावा लागत आहे.